राहणाऱ्याला कुणी विचारत नाही

जपानमध्ये एक धंदा चालतो, त्याच्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं. तुम्हाला नोकरी सोडायचीय, पण साहेबांसमोर उभं राहून तसं सांगायचा धीर होत नाही. मग एका कंपनीला गाठायचं, ठरलेली फी भरायची. सकाळी तुमचं ऑफिस उघडलं की त्या कंपनीचा माणूस तुमच्या वतीने फोन करतो: अमुक अमुक आजपासून कामावर येणार नाहीत, राजीनामा पोचेल, कृपया त्यांना थेट फोन करू नका. संपलं. २०१७ मध्ये अशी सेवा सुरू करणाऱ्या तोक्योतल्या एका कंपनीचं नाव सरळ ‘एक्झिट’. आता तिच्यासारख्या पुष्कळ झाल्यात आणि त्यांना गिऱ्हाइकांची वाण नाही.

हसू ओसरलं की मात्र प्रश्न पडतो. ‘मी जातो’ एवढे दोन शब्द जो स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, तो ‘का जातो’ हे कुणाला कधी सांगणार?

आपल्याकडे हे काम एक्झिट इंटरव्ह्यूत उरकतात. हिंजवडीत किंवा खराडीत कुणी पेपर टाकले की नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात एचआरवाली फॉर्म पुढे करते. कारणाच्या रकान्यात जाणारा ‘बेटर ऑपॉर्च्युनिटी’ लिहितो आणि सही करतो. रिलीव्हिंग लेटर हातात पडायचंय, हिशेबाचे पैसे अडकलेत, पुढच्या नोकरीत कधीतरी याच मॅनेजरचं नाव संदर्भासाठी द्यावं लागेल. अशा वेळी खरं बोलायला माणूस वेडा आहे का? तो फॉर्म फाइलला लागतो. वर्षाच्या शेवटी अशा शेकडो फॉर्मांची बेरीज होते आणि वरिष्ठांपुढे रंगीत तक्ता जातो: लोक चांगल्या संधीसाठी जातात. हे म्हणजे लोक जातात कारण ते जातात, असं सांगण्यापैकी झालं.

माणसं नोकरी का सोडतात, हा प्रश्न मालकांना, अर्थशास्त्रज्ञांना आणि मानसशास्त्रज्ञांना शंभराहून जास्त वर्षं छळतो आहे. त्याची उत्तरं वाचत गेलं की पुन्हा पुन्हा चकित व्हायला होतं. ती फार खोल आहेत असं नाही, पण जवळजवळ प्रत्येक वेळी आपण धरून चाललेलं उत्तर चुकतं.

सुरुवात हेन्री फोर्डपासून करायला हवी, कारण त्याच्या कारखान्यात हा प्रश्न जितका नागडा दिसला तितका क्वचितच कुठे दिसला असेल. साल १९१३, ठिकाण डेट्रॉइटला लागून असलेलं हायलंड पार्क. मॉडेल टी गाडीला मागणी इतकी की पुरवता येत नाही. त्याच वर्षी फोर्डने गाडीचा सांगाडाच माणसांपुढून सरकवायला सुरुवात केली. आधी सांगाडा जोडायला साडेबारा तास लागायचे, काही महिन्यांत ते काम दीड तासावर आलं. जगभरच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हा आकडा असतो. दुसरा आकडा त्याच वर्षाचा, त्याच कारखान्याचा, आणि तो मला जास्त थरारक वाटतो: त्या वर्षी कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं.

शंभरातले ३७० कसे जातील? जातात. एकाच जागेवर जानेवारीत एक जण, एप्रिलमध्ये दुसरा, ऑगस्टमध्ये तिसरा. सुमारे १४,००० माणसं कामावर दिसावीत म्हणून कंपनीला वर्षभरात ५२,०००हून जास्त माणसं भरती करावी लागली. जी साखळी वेळ वाचवण्यासाठी बसवली, तिच्यापुढे उभं राहायला माणूस टिकेना. एकच नट, एकच वळसा, दिवसाला नऊ तास. पूर्वीचा यंत्रकामाचा कारागीर आपल्या हातोटीवर चालायचा, आता त्याचा वेग पट्टा ठरवू लागला.

या सगळ्यात एक तपशील असा आहे की तो वाचून मी थांबलोच. मार्च १९१३ या एका महिन्यात ७,३०० जण गेले. त्यातल्या १८ टक्क्यांना कंपनीने काढलं. रीतसर राजीनामा देऊन गेले ते ११ टक्के. उरलेले ७१ टक्के? ते नुसते यायचे बंद झाले. पाच दिवस न कळवता गैरहजर राहिला की माणूस गेला असं समजायचं, हा कंपनीचा नियम होता, आणि त्या नियमाखाली हे सगळे गेले. भांडण झालं नाही, तक्रार आली नाही, निरोपही नाही. जपानी माणूस निदान फी भरून दुसऱ्याकडून कळवतो, डेट्रॉइटच्या माणसाने तेवढीही तसदी घेतली नाही.

५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने जाहीर केलं की दिवस आठ तासांचा आणि दिवसाची कमाई पाच डॉलर. तोवर साधारण २.३४ डॉलर मिळत. बातमी वाऱ्यासारखी पसरली. दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकापाशी हजारोंची गर्दी. आठवड्याभरात ती इतकी अनावर झाली की डेट्रॉइटच्या गोठवणाऱ्या थंडीत त्या बेकारांवर पाण्याचे फवारे सोडावे लागले. आणि गळतीचं काय झालं? ३७० टक्क्यांवरून १९१४ मध्ये ५४, १९१५ मध्ये १६.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात: पैसे वाढवा, माणसं राहतात. पण पाच डॉलर म्हणजे सरसकट पगार नव्हता, हे सांगायचं राहून जातं. त्यातला जवळजवळ निम्मा भाग ‘नफ्यातला वाटा’ होता आणि तो मिळवायला अटी होत्या. किमान सहा महिने नोकरी झालेली हवी. आणि घर नीट हवं! कंपनीने त्यासाठी चक्क ‘समाजशास्त्र खातं’ उघडलं. त्या खात्याचे तपासनीस कामगाराच्या घरी जात, पैसे साठवतो का, दारू पितो का, खोल्या स्वच्छ आहेत का, भाडेकरू कोंबलेत का, याच्या नोंदी करत. वाटा मंजूर करायचा की रोखायचा, हे त्या नोंदींवर ठरे. सासूनेही इतकी तपासणी केली नसेल.

आणि काम? काम तेच राहिलं, वेग उलट वाढला. पाच डॉलरच्या घोषणेच्याच महिन्यात एका कामगाराच्या बायकोने फोर्डला निनावी पत्र लिहिलं, ते आजही अभ्यासकांच्या पुस्तकांत भेटतं. तिचा नवरा घरी येऊन अंग टाकून देतो, जेवायलाही उठत नाही, असं तिने कळवलं होतं. पाच डॉलर हे वरदान आहे हे तिला मान्य होतं, पण ती माणसं त्याची पुरेपूर किंमत मोजतात, हेही तिने बजावलं.

हे पत्र आणि १६ टक्क्यांचा आकडा शेजारी ठेवून पाहा. सोडून जावंसं वाटण्याचं कारण कारखान्यात जसंच्या तसं उभं आहे आणि तरी माणूस जात नाही. म्हणजे जाण्याची कारणं आणि राहण्याची कारणं ही एकाच तराजूची दोन पारडी नव्हेत. एक वर गेलं म्हणून दुसरं खाली येतंच असं नाही. दोन तराजू वेगळे आहेत, आणि आपण बहुधा चुकीच्या तराजूकडे बघत बसतो.

ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडायला पुढे साठ वर्षं जावी लागली. १९७३ मध्ये व्हिन्सेंट फ्लॉवर्स आणि चार्ल्स ह्यूझ या दोघांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की कंपन्या गेलेल्यांच्या मागे धावून कारणं विचारतात, पण जे राहिलेत त्यांना कुणी विचारत नाही की बाबा, तू का राहिलास? त्यांनी विचारलं. आणि राहिलेल्यांत एक मोठा गट निघाला तो असा, ज्याला काम मुळीच आवडत नव्हतं, पण पेन्शन, घराचे हप्ते, मुलांची शाळा, वय, नव्या जागेची धास्ती यांनी त्याचे पाय बांधले होते. गळतीच्या तक्त्यात हा माणूस दिसत नाही. तो रोज वेळेवर येतो, कंपनीच्या लेखी तो निष्ठावंत. लेखकद्वयाने भौतिकशास्त्रातला जडत्वाचा नियम आणून बसवला: काही धक्का बसेपर्यंत माणूस आहे तिथेच राहतो.

गळती कमी म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने हा लेख वाचावा. आमच्या सरकारी कचेऱ्यांतही तो वाटायला हरकत नाही.

आपल्या देशात या जडत्वाला कायद्यानेही हातभार लावलाय. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने नोकरी सोडणाऱ्याला सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देऊ केला, पण नेहमीच्या नोकरीत सलग पाच वर्षं भरली तर. त्यामुळे साडेचार वर्षं झालेला माणूस आणि साडेपाच वर्षं झालेला माणूस एकाच कंटाळ्याने ग्रासलेले असले तरी वेगळे वागतात. हा संवाद मराठी घरांत किती वेळा झाला असेल:

“बाबा, मी पेपर टाकायचं म्हणतेय.”

“किती झाली तुला?”

“चार वर्षं आणि आठ महिने.”

“मग अगं, कळ काढ की चार महिने! ग्रॅच्युइटी सोडतं का कुणी?”

लेकीला काम आवडतं की नाही, हा मुद्दा बाबांनी काढलाच नाही. तिनेही काढला नाही.

याच्या उलट टोकाला बाजार. १९५८ मध्ये जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी सगळा मामला दोन प्रश्नांत बसवला: जावंसं वाटतंय का, आणि जाता येतंय का? पुणेकर आयटीवाल्यांनी याचा प्रयोग स्वतःवर पाहिलाय. कोविडच्या काळात जगभरच्या कंपन्यांनी डिजिटल कामं काढली, माणसांची ओढाताण सुरू झाली आणि जून २०२२ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसमधलं स्वखुशीने सोडून जाणाऱ्यांचं वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं. त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत टीसीएसही २१.५ वर. पोरं तीन-तीन ऑफर खिशात घालून फिरत होती, जॉइनिंगच्या दिवशी चौथीकडे जात होती. मग बाहेरची मागणी आटली. डिसेंबर २०२३च्या तिमाहीत इन्फोसिसचा आकडा १२.९. दीड वर्षात मॅनेजर प्रेमळ झाले, की कॅन्टीनचा चहा सुधारला? दारं बंद झाली, एवढंच. आणि ती बंद असताना कुणीतरी सभेत उभं राहून सांगितलंच असेल की आपल्या धोरणांमुळे माणसं टिकू लागली.

पण जडत्व, हप्ते आणि बाजार एवढ्यावर भागत नाही. माणूस कुठे रुजतो हे बघायचं तर मला गिरणगावात जावंसं वाटतं.

१८५०च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काही दशकांत परळ-लालबाग-भायखळ्यात धुराड्यांचं रान झालं. माणसं आली ती बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून. आणि गिरणीमालक तेव्हापासून एकच रडगाणं गात राहिले: हा कामगार टिकत नाही. शिमग्याला गावी, पेरणीला गावी, गणपतीला गावी. मनाने हा शेतकरीच, याला गिरणीची शिस्त लागायची नाही. मालकांनी आपल्या परीने दावं बांधलंही होतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळे, म्हणजे न सांगता गेला तर तेवढ्या दिवसांची कमाई बुडाली. तरी माणूस जाई, आणि त्याच्या जागी सकाळी फाटकाशी उभा राहिलेला बदली कामगार साच्यावर चढे. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने या बदल्यांना रीतसर कार्डं द्यायला सुरुवात केली: कार्डवाल्याने रोज सकाळी हजर व्हायचं, जागा रिकामी असली तर काम, नाहीतर परत.

इतिहासकार मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये या रडगाण्याची चिरफाड केली. मुंबईच्या गिरण्यांना माणसांची टंचाई अशी कधी पडलीच नव्हती, अस्थिरता होती ती मालकांच्याच कारभारातून आलेली, हा त्यांचा निष्कर्ष. माणूस भरती करायचा तो जॉबरने. तोच काम शिकवणार, तोच रजा देणार, तोच दस्तुरी खाणार. बायकांच्या खात्यात तेच काम नायकिणीचं. जॉबरशी बिनसलं की नोकरी गेली, आणि जॉबर दुसऱ्या गिरणीत गेला की त्याची माणसंही त्याच्यामागे. मालकाच्या वहीत ती गळती. कामगाराच्या हिशेबात तो कुठे गेलाच नव्हता, होता त्याच जॉबरच्या हाताखाली होता.

आणि मुख्य म्हणजे तो लालबागेतून हलला नव्हता. एका गावच्या वीस-पंचवीस पुरुषांची मिळून एक खोली असायची. भिंतीला एकावर एक ट्रंका, वर दोरीवर कपडे, वळकट्या कोपऱ्यात. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच जागी पाठ टेकणार. जेवण शेजारच्या खानावळीत, तिथली मावशीही बहुधा आपल्याकडचीच. कुणाचा भाऊ गावाहून आला तर पथारी इथेच, काम लागेपर्यंत उधारीवर पोट इथेच, मेलाच कुणी तर वर्गणी इथेच. ही खोली कुठल्याही गिरणीच्या मालकीची नव्हती, पण तिने मुंबईत माणूस असा धरून ठेवला की पगाराने तसा धरला नसता. गावाचंही तसंच. मालकांना गावचा ओढा म्हणजे कामगाराचं बूड अस्थिर असल्याची खूण वाटे. राजनारायण चंदावरकरांसारख्या अभ्यासकांनी दाखवलं की गावाच्या आधारावरच तो शहरात टिकून राहू शकला. १९२८चा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि कित्येकांनी तेव्हा गावची वाट धरली ती चूल पेटती ठेवायला. ज्या गिरण्यांनी त्यांना अस्थिर म्हटलं, त्या गिरण्यांच्या जागी आता मॉल आहेत.

गिरणगावाने जे जगून दाखवलं, त्याला २००१ मध्ये अमेरिकेत सिद्धान्ताचं रूप मिळालं. टेरेन्स मिचेल, थॉमस ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किराणा दुकानांतल्या आणि रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. काम आवडतं की नाही, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं: तुझे किती धागे इथे जोडलेले आहेत? कामावरच्या माणसांशी आणि कामाबाहेर, गल्लीत, शाळेत, देवळात-चर्चमध्ये? हे सगळं तुझ्याशी किती जुळतं? आणि गेलास तर काय काय सुटेल? या धाग्यांचा हिशेब समाधानाच्या हिशेबाहून जास्त नेमकं सांगू लागला की कोण राहील. आपण म्हणतो ना, पाय निघत नाही. नेमकं तेच मोजलं होतं, आणि त्यातले निम्मे धागे कंपनीच्या कुंपणाबाहेरचे होते.

ली आणि मिचेल यांनी त्याआधी १९९४ मध्येच आणखी एक गोष्ट दाखवली होती. आपल्याला वाटतं माणूस हळूहळू नाराज होत जातो, मग शोधाशोध करतो, मग जातो. काही जण तसे जातात, पण सगळे नाहीत. पुष्कळदा एखादी घटना घडते आणि खटका ओढल्यासारखा निर्णय होऊन जातो. ती घटना वाईटच असेल असंही नाही. लग्न ठरतं, बाळ होतं, सासरे आजारी पडतात, जोडीदाराची बदली होते, न मागता एखादा फोन येतो. कालपर्यंत सुखात असलेला माणूस महिन्याभरात निघून गेलेला असतो. मॅनेजर आरशात बघून विचारतो, माझं काय चुकलं? काही नाही हो.

अमेरिकेतल्या सीईबी या संशोधन संस्थेने लोक नवी नोकरी शोधायला केव्हा लागतात हे तपासलं, त्यात तर मजाच आहे. नोकरीला वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास शोधाशोध वाढते. वाढदिवसाच्या आधी ती १२ टक्क्यांनी वाढते, विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या वाढदिवसांना. आणि शाळा-कॉलेजच्या मित्रमंडळींच्या मोठ्या मेळाव्यानंतर तब्बल १६ टक्क्यांनी! दहावी ‘ब’च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महाबळेश्वरचं गेट-टुगेदर ठरलं की एचआरने सावध व्हायला हवं. मागच्या बाकावरचा मित्र आता कुठल्या गाडीतून उतरतो, हे पाहून परतलेला माणूस सोमवारी जरा वेगळाच असतो.

शेजाऱ्याशी तुलना हा नुसता विनोदाचा विषय नाही. कॅलिफोर्नियात सरकारी पगार सार्वजनिक झाले आणि २००८ मध्ये एका वृत्तपत्राने ते नावानिशी शोधता येतील असं संकेतस्थळ उघडलं. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या साथीदारांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही निवडक कर्मचाऱ्यांना फक्त एवढंच ईमेलने कळवलं की असं संकेतस्थळ आहे. कुणाच्या पगारात एक पैसाही बदलला नाही. ज्यांचा पगार आपल्या खात्यातल्या मधल्या पगाराहून कमी होता, ते नाराज झाले आणि दुसरीकडे बघायचा विचार त्यांच्यात वाढला. ज्यांचा जास्त होता त्यांना आनंद झाला असेल? छे. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. कमी मिळतंय हे डाचतं, जास्त मिळतंय हे आपल्याला रास्तच वाटतं.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. जाणारा सांगत नाही, तर तो जाणार हे ओळखायचं कशावरून? फेसबुकमधल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये सांगितलेली खूण मला विलक्षण वाटते. कंपनीच्या दोन वार्षिक पाहण्यांत लोक काय उत्तरं देतात, हे क्षणभर बाजूला ठेवा. ज्यांनी दोन्ही पाहण्यांचा फॉर्मच भरला नाही, ते पुढच्या सहा महिन्यांत सोडून जाण्याची शक्यता इतरांच्या २.६ पट निघाली. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये हेच तत्त्व मांडलं होतं, नायजेरियाची रेल्वे दिवसेंदिवस का बिघडत गेली हा प्रश्न सोडवताना. ज्यांना रेल्वेचा जाच होता ते माल पाठवणारे लोक ओरडत बसले नाहीत, मुकाट ट्रकने माल पाठवू लागले, आणि रेल्वेला सुधारायला भाग पाडणारा आवाजच उरला नाही. ऑफिसात सारखी कुरकुर करणारा माणूस अजून आतला असतो. ज्या दिवशी तो मीटिंगमध्ये “चालेल, काही हरकत नाही” म्हणू लागतो, त्या दिवशी त्याचा सीव्ही अपडेट झालेला असतो.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग माणसालाच विचारावं की तुला काय हवं, आणि ते द्यावं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने जवळपास तेच केलं, आणि निकाल असा लागला की कुणाचंच ऐकू नये असं वाटावं. कंपनीचे अध्यक्ष जेम्स लियांग तेव्हा स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करत होते. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांच्याबरोबर त्यांनी शांघायच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीस प्रयोग सुरू केला. घरून काम करायला तयार आणि त्यासाठी पात्र असे २४९ जण निघाले. त्यांच्यातले कोण घरी जातील हे अध्यक्षांनी सर्वांसमोर पिंगपाँगचा चेंडू उचलून ठरवलं: जन्मतारीख सम असलेले घरी, विषम असलेले ऑफिसात. नऊ महिन्यांनी पाहिलं तर घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलेलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलेलं. कंपनीने खूश होऊन सगळ्यांना मुभा दिली, हवं ते निवडा. आणि घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे परत ऑफिसात आले! घरी एकटं वाटतं, म्हणाले. जे मागून मिळवलं होतं, ज्याने त्यांना टिकवलं असं आकडे सांगत होते, ते त्यांनी स्वतःच परत केलं.

त्याच कंपनीने, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम, २०२१-२२ मध्ये पुन्हा जन्मतारखांवर चिठ्ठ्या टाकल्या. या वेळी १,६१२ जण, आणि आठवड्यातले फक्त दोन दिवस घरून. मॅनेजरांना आधी विचारलं तेव्हा काम घटेल असा त्यांचा अंदाज होता. काम घटलं नाही. ‘नेचर’मध्ये २०२४ साली निकाल छापून आला तो असा की राजीनामे एक तृतीयांशाने कमी झाले. मॅनेजरांमध्ये मात्र फरक दिसला नाही. फरक दिसला तो त्यांच्या हाताखालच्या माणसांमध्ये, बायकांमध्ये आणि ज्यांचा येण्याजाण्याचा प्रवास लांबचा होता त्यांच्यामध्ये. विरारहून चर्चगेटला रोज लोंबकळत जाणाऱ्या कुणालाही हे शेवटचं वाक्य ‘नेचर’ने सांगायची गरज नव्हती. पण त्याला कुणी विचारलं कुठे होतं?